झेंड्याअलीकडची तीन मिनिटं

आमच्या मोटारसायकल क्लबच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, त्या पहिल्या शर्यतीच्या गोड आठवणी लिहा, असं मला सांगितलं गेलं. माझ्याकडे त्या शर्यतीची गोड आठवण नाही. जी आहे ती लिहून नेली तर म्हणाले, आबा, आता एवढ्या वर्षांनी कशाला? घरात मुलगाही तेच म्हणतो. मी ऐंशी ओलांडलेला माणूस आहे. आता नाही तर कधी, ते यांच्यापैकी कोणी सांगत नाही.

नावं लिहिणार नाही. माणसांची नाही आणि गाडीचंही नाही. शिरूरमध्ये ज्यांना कळायचं त्यांना लगेच कळेल, आणि माझं नाव तर सगळ्यांनाच ठाऊक आहे.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. स्टँडवर काचेच्या मागे बसून आलेल्या-गेलेल्या गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि भोंग्यावर ओरडायचं, हे काम. आधी दौंडच्या स्टँडवर, मग कायमचा शिरूरला. पंचवीस-सव्वीस वर्षं मी वेळा लिहिल्या. माझ्या शीटवर खाडाखोड नसायची, याचा मला गर्व होता, आणि तो गर्वच पुढे आडवा आला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रांजणगावला एमआयडीसीत नवे कारखाने उभे राहत होते, आणि त्यांतल्या एकात मशिनं बसवायला युरोपातल्या एका थंड देशातून एक इंजिनियर आला होता. उंच, लालबुंद, डोक्याला सदैव रुमाल. शिरूरमध्ये एक बंगला भाड्यानं घेऊन राहायचा. मशिनांच्या पेट्यांबरोबर एका लाकडी पेटीतून त्यानं स्वतःची मोटारसायकल आणली होती. दर रविवारी ती घेऊन तो घोडनदीच्या काठानं हिंडायचा आणि येताना स्टँडसमोर चहाला थांबायचा. त्याच्याबरोबर त्याच्या हाताखालचा एक फिटर असायचा. हा इनामगावच्या बाजूचा, मेंढपाळांच्या घरातला. बापानं मेंढरं विकून शेती धरली होती, यानं आयटीआय करून कारखाना धरला. तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. साहेबाचं इंग्रजी त्याला अर्धं कळायचं आणि उरलेलं तो हातवाऱ्यांवरून काढायचा. मी ड्युटी संपवून चहाला गेलो की साहेब काय म्हणतो ते तो मला मराठीत सांगायचा. मला मामा म्हणायचा.

ती गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मलाही हसू आलं होतं. आरसे नाहीत, बाजूची झाकणं नाहीत, दिवा म्हणजे खिशातल्या बॅटरीएवढा. सीट इतकी उंच की आमच्याकडच्या माणसानं शिडी मागावी. आणि आवाज! शर्यतीची गाडी म्हणजे टू-स्ट्रोक, तिचा तो चिरका, तापलेला आवाज, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. फोर-स्ट्रोक म्हणजे अॅव्हरेजवाली, दूध घालणाऱ्याची किंवा मास्तरांची गाडी. ही फोर-स्ट्रोक होती आणि ठोके देत चालायची. चहावाला पहिल्याच दिवशी म्हणाला, "काय रं, कुणाच्या हिरीवरचं इंजान उपसून आणलंस?"

फिटर म्हणाला, "उचलून बघ."

चहावाल्यानं मागून धरून उचलली तर मागचं चाक सहज वर आलं. तो बघतच राहिला. आमच्याकडे फोर-स्ट्रोक म्हणजे जड, हेही डोक्यात पक्कं बसलेलं होतं ना.

मग फिटरनं साहेबाकडून ऐकलेलं सांगितलं. साहेबाचा बाप त्याच कंपनीत कामाला होता. त्या कंपनीच्या गाड्या तिकडे रस्त्यावर कमी आणि जंगलात जास्त दिसतात. बर्फ, चिखल, झाडांची मुळं, दगड, यांतून सहा-सहा दिवस चालणाऱ्या शर्यतींत त्यांनी नाव काढलेलं. त्या शर्यतींचा नियम असा की वाटेत गाडी मोडली तर चालवणाऱ्यानंच दुरुस्त करायची, दुसऱ्यानं पान्याला हात लावला तर बाद. सगळं जग टू-स्ट्रोकच्या मागे असताना, फोर-स्ट्रोक जंगलात चालणारच नाही असं शहाणे सांगत असताना, त्या कारखान्यातल्या चार-पाच जणांनी कामाच्या वेळेबाहेर बसून एक इंजिन केलं. जे काढून टाकता येईल ते काढून टाकलं. उरली ती ही. साहेबाचा बाप त्या चार-पाचांत नव्हता, पण त्यांना चहा नेऊन द्यायचा, असं साहेब हसून सांगायचा.

साहेबाचं काम संपलं, तो गेला, आणि जाताना गाडी या फिटरकडे ठेवून गेला. कागदपत्रांचं काय झालं ते मला माहीत नाही आणि मी कधी विचारलंही नाही. रस्त्यावर ती चालवायची नाही एवढं तो पाळत होता. त्याला रस्ता लागतही नव्हता. घोडच्या काठची वाळू कुठे पाय धरते आणि कुठे गिळते, हे त्याच्या घराण्याला मेंढरांमागे चालून माहीत होतं. माझ्या देखत त्यानं नदीच्या पात्रात उतरून, दोन वेळा फिरून, वर येऊन दाखवलं. चाक कुठेही रुतलं नाही. बाकीचे टू-स्ट्रोकवाले तिथे गाड्या ढकलत होते.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या क्लबनं आपली पहिली शर्यत ठेवली. शिरूरहून निघायचं, घोडच्या काठानं इनामगाववरून खाली जायचं, भीमा ओलांडायची आणि दौंडच्या बाहेरच्या माळावर संपवायचं. मधे ठिकठिकाणी वेळेची नोंद. क्लबचे अध्यक्ष म्हणजे शिरूरमधलं वजनदार माणूस, त्यांचा पुतण्या स्वतः टू-स्ट्रोकवर उतरणार होता. नियम सांगायला पुण्याहून एक साहेब आले होते. ते एका मोटारसायकल कारखान्यात गाड्यांची चाचणी घेणाऱ्या विभागात होते. त्यांनी ती हलकी फोर-स्ट्रोक पाहिली, फिटरला दोन-चार प्रश्न विचारले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आज नीट चालव. चांगला आलास तर आमच्याकडे ट्रायलला ये. मला असा टेस्ट रायडर हवाच आहे."

फिटरचे कान लाल झाले. कारखान्यात तो कंत्राटावर होता आणि कंत्राट संपत आलं होतं. त्याला हे काम किती हवं होतं ते मला चहाच्या टपरीवर आधीच कळलं होतं.

वेळेच्या नोंदीसाठी मला बोलावलं यात नवल नाही. इनामगावच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडाखाली नदीकाठी माझं टेबल होतं. पुण्याच्या साहेबांनी नियम समजावून सांगितले. गाड्या एकेक मिनिटानं सुटणार. प्रत्येकाच्या कार्डावर माझ्या टेबलावर पोचायची वेळ लिहिलेली. उशीर झाला तर मिनिटाला मिनिट दंड. लवकर आला तरी तेवढाच दंड. शेवटी ज्याचा दंड सगळ्यांत कमी तो पहिला. त्यामुळे लवकर येणाऱ्यानं टेबलाच्या वीस पावलं अलीकडच्या पिवळ्या झेंड्यापाशी थांबायचं आणि आपलं मिनिट लागलं की आत यायचं. अध्यक्ष म्हणाले, "ही कसली शर्यत? आधी येणारा तो पहिला, एवढंच आम्हाला ठाऊक." सगळे हसले. मी हसलो नाही. वेळेवर येणं हे माझ्या पोटापाण्याचं होतं, मला नियम आवडला.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. पहिल्या नंबरच्या गाडीची माझ्याकडची वेळ अकरा एकोणचाळीस. दुसरीची चाळीस, तिसरीची एक्केचाळीस, आणि फिटर चौथ्या नंबरला सुटला होता म्हणून त्याची बेचाळीस. त्यानं पुढच्या तिघांनाही वाटेत मागे टाकलं आणि अकरा एकोणचाळीसच्या थोडा आधीच येऊन झेंड्यापाशी थांबला. इंजिन बंद करून, एक पाय टेकवून उभा.

एसटीत आमची एक सवय असते. सात चाळीसची पुणे लागायची वेळ झाली की फलाटावर जी गाडी उभी असेल ती सात चाळीसची पुणे. गाडीचा नंबर कोण बघतो? डेपोतून कधी ही येते, कधी ती. ब्रेकडाउन झाली की तिसरीच लावतात. आम्ही वेळ बघतो. माझ्या घड्याळात अकरा एकोणचाळीस झाले, समोर एक गाडी उभी होती. पंचवीस वर्षांच्या हाताला दुसरं काही सुचलं नाही. मी हात करून त्याला बोलावलं. तो आला, कार्ड दिलं, मी ११:३९ लिहून सही ठोकली.

सही केल्यावर माझी नजर शेजारच्या रकान्यावर गेली. तिथे ११:४२ होतं.

त्यानं विचारलं, "मामा, टायम झालता ना? माझं घड्याळ बाभळीनं ओढून नेलं, मगाच्या ओढ्यात."

मी म्हणालो, "पळ, पळ. सगळ्यांच्या पुढं आहेस."

त्या क्षणी मला कळलेलं होतं. ते मला दौंडला गेल्यावर कळलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःलाही सांगत आलो. ते खरं नाही. तिथेच कळलं होतं. खाडाखोड करायची नव्हती म्हणून मी त्याला पळवलं.

दौंडच्या माळावर तो सगळ्यांच्या आधी पोचला. पण हिशेब झाला तेव्हा तीन मिनिटं लवकर म्हणून तीन मिनिटं दंड, आणि अध्यक्षांचा पुतण्या पहिला. फिटरनं मांडवात जाऊन तक्रार केली. तो म्हणाला, मी झेंड्यापाशी थांबलो होतो, मला टेबलावरनं बोलावलं. पुण्याचे साहेब म्हणाले, "टेबलावरून बोलावलं असेल तर दंड नाही. नोंद घेणाऱ्याची चूक स्पर्धकावर टाकायची नसते." मग ते माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही याला बोलावलंत का?"

मागून कोणीतरी म्हणालं, "मेंढरामागं फिरणाऱ्याला मिनिट काय कळतंय! त्याला दिवस उगवला आन् दिवस मावळला, एवढंच ठावं."

मांडव हसला. मीही हसलो. हसलो नाही असं आज लिहिलं तर तेही खोटं होईल.

आणि मी म्हणालो, "नाही. मी बोलावलं नाही. तो आपणहून आला."

फिटर माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, जरा आठवा की."

"आठवायचं काय त्यात? पंचवीस वर्षं वेळा लिहितोय मी. तुझ्यासारखे ड्रायव्हर रोज येतात काचेपाशी, मी येळेवर आलतो म्हणून."

एसटीत नियंत्रकाचा शब्द ड्रायव्हरच्या वर असतो. मांडवातही तसंच झालं. झेंड्याजवळ इनामगावचे दोघे उभे होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते त्याच्या भावकीतले म्हणून त्यांना कोणी विचारलंच नाही. मीही म्हणालो नाही, त्यांना विचारा.

पुण्याच्या साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. मी जवळच होतो, मला ऐकू आलं. ते रागानं बोलले नाहीत. म्हणाले, "गाडी तू फार सुंदर चालवतोस. पण टेस्ट रायडरचं काम चालवायचं नसतं नुसतं. गाडीनं काय केलं आणि आपण काय केलं, ते खरं सांगायचं असतं. हरलो म्हणून दुसऱ्यावर ढकलणारा माणूस मला चालणार नाही."

गाडी टेम्पोत चढवायला त्यानं कोणाची मदत घेतली नाही, आणि मी पुढे झालो नाही.

शिरूरमध्ये त्याला नाव पडलं, तीन मिनिटं. बाजारात, मार्केट यार्डात, हॉटेलात, "काय तीन मिनिटं, आज लवकर?" कारखान्यातलं कंत्राट संपलं ते पुन्हा मिळालं नाही. न्हावऱ्याच्या रस्त्याला त्यानं गॅरेज टाकलं आणि लोकांच्या अॅव्हरेजवाल्या गाड्या दुरुस्त करत राहिला.

आणखी एक गोष्ट इथे सरळ करायची आहे. शिरूरमध्ये आजही लोक म्हणतात, अध्यक्षांनी पुतण्यासाठी कंट्रोलरला दाबलं. मला सहानुभूतीनं सांगतात, "तुमचा तरी काय विलाज होता, आबा." माझा पूर्ण इलाज होता. अध्यक्षांनी मला एका शब्दानं काही सांगितलं नव्हतं. मांडवात ते माझ्याकडे बघतही नव्हते, पाव्हण्यांच्या जेवणाचं बघत होते. ते आता हयात नाहीत, आणि न केलेली गोष्ट त्यांच्या नावावर राहिली आहे. ती त्यांची नाही. बदलीची भीती नव्हती, कोणाचा दबाव नव्हता. माझी शीट चुकली असं चारचौघांत म्हणायचं नव्हतं, एवढंच कारण होतं. एवढ्याशा कारणासाठी माणूस खोटं बोलतो, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. बसवावा लागेल.

स्मरणिकेचं लिहायला बसलो त्या आठवड्यात मी न्हावऱ्याच्या रस्त्याला त्याच्या गॅरेजवर गेलो. तो आता पन्नाशीच्या आत-बाहेर आहे, केस पांढरे. ती गाडी कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. मागचा मडगार्ड पत्र्यातून कापून केलेला, क्लचची केबल कुठल्या तरी स्कूटरची. म्हणाला, चालू हाय. मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. मी बोलावलं होतं, मला तिथेच कळलं होतं, मांडवात खोटं बोललो.

तो पाना पुसत ऐकत होता. मग म्हणाला, "दोनदा."

"काय दोनदा?"

"दोनदा हात केला तुमी. पयल्यांदा केला तवा मी आलो न्हाई. मनगट वर करून दाखवलं, घड्याळ न्हाई म्हनून. तवा तुमी पुन्यांदा हात केला, जोरात. मंग आलो."

ते मनगट मला त्याच क्षणी आठवलं. उघडं, बाभळीनं ओरबाडलेलं. इतकी वर्षं मी ते विसरलो होतो की विसरायचं ठरवलं होतं, हे मला सांगता येणार नाही. त्यानं नियम माझ्यापेक्षा नीट पाळला होता. पहिल्या हाताला तो हलला नव्हता.

मी म्हणालो, "मला माफ कर."

"त्ये ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मला येऊन सांगता व्हय? मला तर तवापासून म्हाईत हाय. मांडवात जे बसलेले होते त्यास्नी सांगा. जे हसले त्यास्नी सांगा. माझा टायम घालवू नका, मामा, दोन गाड्या द्यायच्यात चारच्या आत."

मी उठलो. मामा मात्र तो म्हणाला. त्याचा अर्थ काढायचा मला हक्क नाही.

जे बसलेले होते त्यांच्यातले निम्मे आता नाहीत. उरलेल्यांसाठी मी ही पानं लिहिली आणि क्लबवर नेऊन दिली. क्लब आज त्या पुतण्याच्या हातात आहे. तोच अध्यक्ष, स्मरणिकाही तोच काढतोय. माणूस वाईट नाही. त्यानं माझ्यासमोरच सगळं वाचलं. दोन वेळा चष्मा काढून पुसला.

"म्हंजी कप माझा न्हाईच की, आबा."

"तू चालवलीस ते खरं होतं. तुझी काही चूक नाही."

"पोरं विचारतील घरी. हॉलमधी ठेवलाय त्यो."

"विचारू दे."

"आन् काका गेल्यावर लोकास्नी आयतंच घावंल, काकांनीच केलं म्हनून."

"वाच नीट. ते आजच म्हणतात लोक. मी लिहिलंय, त्यांनी काही केलं नाही. हे छापलं नाहीस तर ते त्यांच्या डोक्यावर राहील."

मग त्यानं पेन काढलं आणि म्हणाला, "छापतो. पन एक शब्द बदलू या. खोटं बोललो, असं नगं. गैरसमज झाला, असं करू. अर्थ त्योच. तुमच्याच वयाकडं बघून म्हनतोय."

"अर्थ तो नाही," मी म्हणालो. "गैरसमज म्हटलं की दोघांचा होतो. त्याचा काही समज चुकलेला नव्हता."

"आबा, कोन एवढं बारीक वाचतंय?"

"तो वाचेल."

त्यानं पेन खाली ठेवलं, पण होयही म्हणाला नाही. मी पानं उचलली आणि निघालो. त्यानंतर त्याचे दोन फोन आले. पहिल्या फोनवर म्हणाला, 'नजरचूक' चालेल का? दुसऱ्यावर म्हणाला, तो परिच्छेदच काढू, बाकी गाडीचं तेवढं फार छान लिहिलंय. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. स्मरणिका माझ्या पानांशिवाय निघेल असं दिसतंय. निघू दे.

म्हणून हे इथे, माझ्याच आठवणींत, जसं होतं तसं ठेवलं आहे. इनामगावच्या टेबलापाशी तो झेंड्याअलीकडे थांबला होता. मी त्याला दोनदा बोलावलं. पहिल्यांदा तो आला नाही. दौंडच्या मांडवात मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि ते मला कोणी बोलायला लावलं नव्हतं.